चौदा नंबरचा पान्हा

बाळंत डुकरीण दिवसातून किती वेळा पिलांना पाजते, असा प्रश्न मी निवृत्तीनंतर अनेक सुशिक्षित मंडळींना विचारून पाहिला आहे. गाईच्या अनुभवावरून बहुतेक जण ‘दोनदा’ असे उत्तर देतात. काही जण उत्तर न देता चहाचा कप थोडा दूर सरकवतात. खरे उत्तर असे, की ती जवळजवळ दर तासाला पाजते आणि प्रत्येक वेळी दूध प्रत्यक्ष उतरते ते जेमतेम वीस सेकंद. आधी ती कुशीवर पडून संथ हुंकार देऊ लागते. पिले धावत येतात आणि प्रत्येक पिलू आपापले ठरलेले सड पकडते. मग हुंकाराची लय वाढत जाते, ती अगदी जलद झाली की पान्हा फुटतो, आणि इतका वेळ कलकलाट करणारी पिले एकाएकी गप्प होतात. वीस सेकंद संपले की दूध बंद. मग पुन्हा तासभर थांबायचे.

ही माहिती परीक्षेत विचारली जात नाही, तरी ती मी इथे देतो. कारण माझ्या नोकरीतील ज्या एका प्रकरणाबद्दल लिहायचे आहे, ते सारे या वीस सेकंदांभोवती फिरते.

सत्तरच्या दशकात मी सांगलीला, विश्रामबागेच्या बरेच पुढे, त्या काळी जिथे वस्ती संपून शेते सुरू होत, तेथील एका सरकारी वराहपैदास केंद्रात पर्यवेक्षक होतो. त्याआधी दोन वर्षे मी शाळेत शास्त्र शिकवले होते. त्यामुळे केंद्रात मला सर्व जण मास्तर म्हणत. ‘वराह’ हा शब्द फक्त कागदावर होता. कागदावरील वराह स्वच्छ, संस्कृत आणि विलायती वाणाचा असे; तोच कप्प्यात गेला की डुक्कर होई. माझे सासरे व्याह्यांना माझी ओळख करून देताना ‘पशुसंवर्धनात आहेत’ एवढेच सांगत आणि लगेच पाऊसपाण्याकडे वळत. कोणता पशू, हे विचारण्याइतकी सवड त्यांनी कधी कोणाला दिली नाही.

केंद्रात परिचर म्हणून सोनाक्का होती. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, शिराळ्याकडच्या डोंगरी गावची. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळलेली. त्यामुळे मी पुस्तकातून जे शिकलो होतो ते तिला शिकावेच लागले नव्हते. ती डुकरिणीला नंबराने हाक मारी, पण नंबराच्या शेवटी असा काही सूर लावी की ते माणसाचे नाव वाटावे. ‘चौदाऽ’ म्हटले की चौदा नंबरची डुकरीण उठून फळीशी येत असे.

ही चौदा मोठी दुधाळ होती, आणि तोच तिचा दोष होता. याचे शास्त्र सोपे आहे. दहा-बारा पिलांना पाजणाऱ्या मादीला जितके अन्न लागते तितके तिच्या पोटात मावत नाही. मग कमी पडेल ते ती स्वतःच्या अंगातून काढून देते. आधी चरबी जाते, मग मांस. आखडत्या हाताने पाजणारी डुकरीण गुटगुटीत राहते. जीव ओतून पाजणारी हाडांचा सापळा होते, आणि शेवटी दूध आटून तिची पिलेही खुरटतात. चौदाचे सलग दोन वेतांत हेच झाले. पिलांची वजने नोंदवहीत घसरलेली दिसली आणि वरून तिच्या निर्लेखनाची सूचना आली. निर्लेखन म्हणजे जनावर केंद्राच्या नोंदीतून कमी करणे. नोंदीतून कमी झालेले जनावर पुढे कोठे जाते, हे कागदावर लिहायचे नसते, पण खाटकाला ते ठाऊक असते.

सोनाक्काने माझ्याकडून ती सूचना दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, “मास्तर, जी लेकरांसाठी वाळली तिलाच कापायचं म्हंता?” मी वरती लिहून एका वेताची मुदत मागून घेतली. ती मिळाली, पण अटीवर: या वेतातील पिले आठव्या आठवड्याला ठरलेल्या वजनाची भरली नाहीत, तर चौदाचे निर्लेखन करावे. यापुढे मी जे काही सांगणार आहे त्यात सोनाक्काला फक्त या एका ओळीशी कर्तव्य होते.

नेमके त्याच वेताच्या वेळी केंद्रात पावडर आली.

मुंबईच्या एका औषध कंपनीचा प्रतिनिधी गळ्यात टाय बांधून, पिवळट पावडरचे डबे घेऊन आला. ही पावडर म्हणजे विकर, इंग्रजीत ज्याला एन्झाइम म्हणतात ते. वाचकाने भाकरीचा तुकडा तोंडात धरून सावकाश चावावा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. आपल्या लाळेतील विकर पिठातील पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवते, म्हणून. हेच काम खाद्यात आधी करवून घेतले, तर जाड आंबोण, म्हणजे जनावरांसाठी शिजवलेला भरडा, पातळ होते, पचते लवकर आणि जनावर अधिक खाऊ शकते. कल्पना उत्तम होती, आजही आहे. तिचा प्रयोग करण्याचा मान आमच्या केंद्राला मिळाला होता. चार बाळंत डुकरिणी निवडायच्या, दोघींना पावडर, दोघींना नाही. पावडरीसाठी कोणत्या दोघी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे असे मी सुचवले. प्रतिनिधीने चारही कप्प्यांवरून एक फेरी मारली आणि त्यांतील दोन गुबगुबीत डुकरिणी स्वतः निवडल्या. चौदाकडे पाहून तो म्हणाला, की ही बिनपावडरीत शोभेल.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती माझीच आहे, आणि अत्यंत पद्धतशीरपणे केलेली आहे.

केंद्राला दोन परिपत्रके लागू होती. जुन्या परिपत्रकाप्रमाणे, रोग पसरू नये म्हणून, सर्व खाद्य डोणीत घालण्यापूर्वी अर्धा तास उकळणे बंधनकारक होते. नव्या परिपत्रकाप्रमाणे पावडर ‘खाद्यात मिसळून’ द्यायची होती. मी दोन्ही समोर ठेवून विचार केला. पावडर उकळल्यावर घातली, तर न उकळलेला पदार्थ जनावराच्या पोटात जाऊन पहिल्या परिपत्रकाचा भंग होईल. तेव्हा पावडर आधी मिसळून मग सर्व मिळून उकळले, म्हणजे दोन्ही आज्ञांचे पालन होते. त्याप्रमाणे मी रोज स्वतः तराजूने पावडर तोलून आंबोणात घालत असे आणि घड्याळ लावून अर्धा तास उकळवून घेत असे. विकर उष्णतेने मरते, हे मी शाळेत स्वतः फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करवून घेतले होते. फळ्यावरचे विकर आणि डब्यातले विकर एकच, हे माझ्या ध्यानात आले नाही. सरकारी पाटी लागली की ओळखीची वस्तूही परकी दिसते.

दर सोमवारी पिलांना पोत्यात घालून काट्याला टांगून वजने होत. पावडरीच्या दोघींची पिले नेहमीप्रमाणे वाढत होती. बिनपावडरीतील एकीची तशीच. चौदाची अकराच्या अकरा पिले मात्र अशी भरत चालली होती की मी काट्याचे शून्य दोनदा तपासले. चौदाही वाळली नव्हती. मी सोनाक्काला कारण विचारले. ती म्हणाली, “आवं, तिचं बरं चाललंय तर इचारताय कशाला?” मी तिला प्रयोगपद्धती समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि कप्पा धुवायला निघून गेली.

पाचव्या आठवड्यात नागपंचमी आली. शिराळ्याकडची माणसे त्या सणाला कोणत्याही नोकरीत थांबत नाहीत, आणि थांबवू नयेत. सोनाक्का दोन दिवसांची रजा घेऊन गेली. पहिल्या दिवशी चौदाने डोणीत तोंड घालून काढून घेतले. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी ती कुशीवर पडे, हुंकारही देई. पण लय वाढतच नसे. पिले सडे ओढून ओढून कलकलाट करीत आणि तो थांबत नसे. वीस सेकंदांची ती शांतता त्या दिवशी दुपारनंतर मला एकदाही ऐकू आली नाही. मी ताप पाहिला, कास तपासली, पुस्तक उघडले. पुस्तकातील एकही रोग जुळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोनाक्का नव्या बांगड्या भरून आली. केंद्राच्या फाटकातूनच तिला तो कलकलाट ऐकू आला. ती तडक कप्प्याशी आली आणि डोणीत हात घातला. आंबोण इतके घट्ट होते की बोटांची खूण तशीच राहिली.

“हे खाणं हाय व्हय?” ती म्हणाली. “बाळंतीन हाय ती, मास्तर. गवंड्याच्या हाताखाली न्हाई.”

मग तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी बहुधा फार दीन दिसत असलो पाहिजे. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. आत बारीक, तांबूस पीठ होते. बादलीतले आंबोण थोडे ऊन होते. तिने त्यात कोपर बुडवून पाहिले, जशी बाळाच्या अंघोळीचे पाणी पाहतात तसे, आणि मूठभर पीठ टाकून काठीने ढवळू लागली. मी घड्याळ पाहिले. ती सवय होती. चहा पिऊन होईल एवढ्या वेळात ते गाऱ्यासारखे आंबोण ताकासारखे पातळ झाले. पाण्याचा एक थेंबही तिने वर घातला नव्हता. चौदा उठली आणि डोणी रिकामी करूनच तिने मान वर केली.

ते पीठ मोड आणलेल्या नाचणीचे होते. सोनाक्काच्या गावी बाळंतिणीला आणि अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईला ते पेजेत घालून देतात. भावाच्या शेतातली नाचणी आणून, भिजवून, फडक्यात बांधून, वाळवून, जात्यावर दळून ती रोज चौदाला घालत होती. “सरकारनं दोघींना दवा दिली,” ती म्हणाली, “मग हिला कोन हाय?”

मोड येताना दाण्यात विकर तयार होते. हेही मी फळ्यावर लिहिले होते.

मी तीन वाट्या घेतल्या. पहिलीत कोमट घट्ट पेज आणि सोनाक्काचे पीठ. ती पातळ झाली. दुसरीत कोमट पेज आणि डब्यातील पावडर. तीही पातळ झाली. तिसरीत पावडर घालून अर्धा तास उकळलेली पेज, म्हणजे माझी पद्धत. ती जशीच्या तशी घट्ट राहिली. पावडर बिचारी खरी होती. पाच आठवडे मी तिला रोज तोलून मापून शिजवून मारत होतो. सोनाक्काने तिसऱ्या वाटीत बोट घालून पाहिले आणि विचारले, “ही कुनाची?” मी म्हणालो, माझी. तिने बोट पदराला पुसले.

आठवा आठवडा संपला. चौदाची पिले ठरलेल्या वजनाच्या वर भरली. मी अहवाल लिहिला आणि त्यात सर्व सत्य मांडले: उकळण्याची चूक, नाचणी, तीन वाट्या. अहवाल पाठवण्यापूर्वी आमचे प्रकल्प अधिकारी कुलथे साहेब यांना दाखवायचा असे. साहेब अत्यंत सभ्य गृहस्थ होते. ते कधी आवाज चढवत नसत आणि डुकरांच्या कप्प्यांकडेही कधी येत नसत. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला.

“अक्षर सुंदर आहे,” ते म्हणाले. “आता याचा अर्थ पाहू. परिचराने प्रयोगात परवानगीवाचून पदार्थ घातला, म्हणजे तिला काढावे लागेल. चौदाची नोंद त्यामुळे रद्द, म्हणजे मुदत वाया. तिचे निर्लेखन करावे लागेल. तुम्ही पावडर उकळली, म्हणजे तुमचा खुलासा घ्यावा लागेल. आणि मी तुमचा अधिकारी आहे. हे सगळे तुम्हाला हवे आहे का?”

मी टेबलावरच्या अहवालाची पाने सरळ करू लागलो.

“मला वाटते, तक्ता करताना तुमची एक ओळ इकडची तिकडे झाली आहे,” ते मृदूपणे म्हणाले. “चौदा नंबर पावडरीच्या गटात असणार. तिची वजनेच तसे सांगतात.”

मी तो तक्ता पुन्हा लिहिला. चौदा पावडरीत गेली, पावडरीतील एक डुकरीण बिनपावडरीत आली, आणि पावडर विजयी झाली. नाचणीचा परिच्छेद गळाला. सोनाक्काची नोकरी राहिली, चौदाचा जीव राहिला. ज्यांच्यासाठी मी ते केले असे मी स्वतःला सांगत होतो, त्यांचे खरोखरच भले झाले. तरीही तो कागद लिहिताना, उत्तर आधी पाहून गणित सोडवणाऱ्या मुलाला मी जे म्हणत असे, ते मला आठवत राहिले. अहवालाबद्दल वरून प्रशंसापत्र आले. ते मी कधी घरी दाखवले नाही.

विजयाची एक अडचण असते; ती लोकांना पाहायची असते. साताऱ्याजवळ आमचे वरिष्ठ केंद्र होते. पावडरीवर पोसलेली आदर्श डुकरीण म्हणून चौदाला पुढच्या वेतासाठी तिकडे पाठवावे, असा आदेश निघाला. सोनाक्काला हे सांगायला मला दोन दिवस लागले.

“तिथं नाचणी कोन घालंल?” तिने एवढेच विचारले.

मी म्हणालो, तिथे पावडर आहे.

“आन पावडर शिजवनारा मास्तर?”

तोही प्रत्येक केंद्रात होता. परिपत्रक सर्वांना सारखेच होते. तेव्हा माझ्या आयुष्यातील एकमेव तस्करी मी केली. कंपनीचा एक रिकामा डबा स्वच्छ धुऊन वाळवला. सोनाक्काने गावाकडून आणलेल्या नाचणीचे पीठ त्यात गच्च भरले. डब्यावर मी ठळक अक्षरांत लिहिले: ‘उकळू नये. खाद्य हाताला सोसेल इतके निवल्यावर घालावे.’ खाली केंद्राचा शिक्का मारला. शिक्का असलेली सूचना परिपत्रकालाही मागे सारते, हा माझा सरकारी नोकरीतील एकमेव मौलिक शोध. सोबतच्या साहित्याच्या रकान्यात ‘पावडर, डबा एक’ असे लिहून मी चौदाला गाडीत चढवले. सोनाक्का गाडीमागे फाटकापर्यंत आली आणि फाटक लावून परत फिरली.

काही महिन्यांनी साताऱ्याहून पत्र आले. मजकूर असा: वराह मादी क्रमांक चौदा हिच्यासोबत आलेली पावडर अत्यंत गुणकारी आढळली. डबा संपल्यावर या केंद्रातील साठ्यातून त्याच कंपनीची पावडर नियमानुसार उकळून देण्यात आली; परंतु तसा गुण येत नाही, मादी वाळत आहे. तरी गुणकारी डब्याचा उत्पादन क्रमांक तातडीने कळवावा.

ते पत्र मी सोनाक्काला वाचून दाखवले. ‘मादी वाळत आहे’ या शब्दांवर तिने हात वर करून मला थांबवले. मग म्हणाली, “आता तरी खरं लिवा, मास्तर. लिवता येतंय न्हवं तुमाला?”

मी लिहिले. कुलथे साहेबांना न दाखवता, थेट. फळ्यावर लिहितात तसे क्रमवार: नाचणी एक दिवस भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात वाळवावी, मोड चोळून पाखडावेत, दळावी, कोमट खाद्यात घालावी, कदापि उकळू नये. कंपनीची पावडरही उकळू नये. ही पद्धत आमच्या केंद्रातील परिचर सोनाक्का यांची आहे. सोबत नाचणीच्या पिठाची एक पुरचुंडीही पाठवली.

उत्तर लवकर आले. नाचणीचे पीठ ही वस्तू मंजूर खरेदीयादीत नसल्याने वापरता येत नाही. खाद्य उकळण्याविषयीचे परिपत्रक अद्याप अमलात आहे. आपले पत्र विचारलेल्या मुद्द्याशी असंबद्ध असल्याने दप्तरी दाखल करण्यात येत आहे. उत्पादन क्रमांकाची प्रतीक्षा आहे.

मी क्रमांक कळवला नाही. त्यामुळे चौदा परत आली. पिलांचे दूध तोडल्यावर साताऱ्याच्या केंद्राने तिला गाडीत घालून आमच्याकडे धाडले; सोबत शेरा होता, ‘पावडरीस प्रतिसाद देत नाही. निर्लेखनाच्या कार्यवाहीस्तव परत.’ गाडीतून उतरली तेव्हा तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. सोनाक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग चुलीकडे गेली आणि आंबोण चढवले. निवेपर्यंत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“कागद काय म्हंतोय?”

मी सांगितले, की निर्लेखनासाठी तीन सदस्यांची समिती बसावी लागते. त्यातील एक जागा रिकामी आहे. ती भरावी म्हणून मी दर महिन्याला वरती स्मरणपत्र पाठवायचे असते. स्मरणपत्र गेले की कधीतरी जागा भरते, समिती बसते.

“आन तुमी धाडताय?”

सबंध नोकरीत माझे एकही स्मरणपत्र एक दिवसही उशिरा गेले नव्हते. ती बादलीत कोपर बुडवून पाहत होती. माझ्याकडे पाहतही नव्हती. मी म्हणालो, या महिन्यात कामाचा फार ताण आहे.

“व्हय,” ती म्हणाली, “लय ताण हाय तुमाला.”

तो ताण पुढे दोन वर्षे राहिला. माझ्या गोपनीय अहवालात ‘पत्रव्यवहारात दिरंगाई’ असा प्रतिकूल शेरा आला. तीस वर्षांच्या सेवेतील तो एकमेव. तो मात्र मी घरी दाखवला, आणि सासऱ्यांनाही.

त्या दोन वर्षांत चौदाची आणखी तीन वेते झाली. एकदा कुलथे साहेब, बदली होऊन जाण्याच्या आदल्या दिवशी, निरोपासाठी म्हणून पहिल्यांदाच कप्प्यांकडे आले. चौदा कुशीवर पडली होती, पिले ओळीने लागली होती. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि मला विचारले, की ही त्या पावडरीवालीच ना? मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात हुंकाराची लय वाढत गेली आणि सोनाक्काने आम्हा दोघांकडे न पाहता हात वर केला.

“बोलू नगासा. पान्हा फुटलाय.”

सगळी पिले गप्प झाली. आम्हीही झालो.